तार-टेलिफोनच्या आधीचा दूरदेशीचा व्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या व्यापाराचा विषय निघाला की लोक उंट, मसाले आणि रेशमाबद्दल विचारतात. मला त्या उंटावरच्या पत्राचं जास्त अप्रूप आहे. माल वाहून नेणं अंगमेहनतीचं काम. ते जनावरं आणि गलबतं करत होतीच. पण हजार कोसांवरच्या माणसाला आपली पुंजी सोपवायची आणि त्याचं उत्तर येईपर्यंत वर्षभर वाट बघायची, हे लोकांना जमलं कसं? बहुतेक प्रश्न फिरून इथेच येतात, म्हणून उत्तरंही याच अंगानं दिली आहेत.

पूर्वी बातमी एका दिवसात किती लांब जायची?

तिचा खर्च कोण करतो, यावर ते ठरायचं. पायी चालणारा माणूस रोज तीसेक किलोमीटर जातो. इराणच्या हखामनी सम्राटांचा राजमार्ग सार्दिस ते सूसा असा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा होता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस त्यावर १११ चौक्या मोजतो आणि पायी जाणाऱ्याला ९० दिवस लागतात असं सांगतो. राजाचे घोडेस्वार जासूद हेच अंतर आठवडा-दहा दिवसांत कापत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही सगळी चौक्यांची करामत. दमलेला घोडा आणि दमलेला स्वार चौकीवर थांबायचे, खलिता मात्र पुढे जायचा. मंगोलांनी तेराव्या शतकात याच तत्त्वावर आपली डाकव्यवस्था उभारली. दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्यात तर घोडाही नव्हता आणि चाकही नव्हतं. तिथले चास्की नावाचे हरकारे थोडं थोडं अंतर जीव खाऊन पळायचे आणि निरोप पुढच्याच्या हवाली करायचे. अशा रीतीनं निरोप दिवसाला २४० किलोमीटरपर्यंत जाई.

हे सगळं राजांसाठी. सामान्य व्यापाऱ्याचं पत्र तांड्याबरोबर नाहीतर जहाजाबरोबर जायचं, म्हणजे मालाच्याच चालीनं.

बातमी माणसापेक्षा वेगानं पाठवायचा काही मार्ग होता का?

होता, पण प्रत्येकात काही ना काही मेख होती. डोंगरमाथ्यावर जाळ करून इशारा द्यायची पद्धत फार जुनी. जाळ दिसला की 'शत्रू आला' एवढंच कळायचं, किती आला आणि कुठून आला ते नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं यावर तोड लिहून ठेवली आहे. अक्षरांचे पाच गट करायचे, डावीकडच्या मशालींनी गट सांगायचा आणि उजवीकडच्या मशालींनी त्यातलं अक्षर.

कबूतर वेगवान खरं, पण ते फक्त आपल्या घरी परततं. ज्या गावाहून बातमी हवी तिथे ते आधी खुराड्यात घालून न्यावं लागायचं, आणि उडालं की दुसरं न्यावं लागायचं. तरी बाराव्या शतकात नूरुद्दीन या राज्यकर्त्यानं सीरियात रीतसर कबूतर-टपाल चालवलं.

काँगो नदीच्या खोऱ्यातल्या ढोलांचं मला सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं. तिथल्या भाषांत सुरांच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलतो आणि लाकडी ढोलावर तेवढे सूरच वाजवता येतात. एकाच सुराचे शब्द अनेक, मग ऐकणाऱ्याला कळणार कसं? म्हणून नुसतं 'चंद्र' न म्हणता 'पृथ्वीकडे बघणारा चंद्र' असं वाजवतात. शब्द लांबला की घोटाळा टळतो. लिपी नसलेल्या लोकांनी शोधलेली ही युक्ती आजच्या संदेश-अभियंत्याला समजावून सांगावी लागत नाही.

यंत्राच्या जवळात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे फ्रान्समधली शाप्प बंधूंची मनोऱ्यांची ओळ. टेकड्यांवर मनोरे, मनोऱ्यांवर लाकडी हात. एकाचे हात कसे वळले ते पुढचा दुर्बिणीतून पाहायचा आणि आपले हात तसेच वळवायचा. १७९४ साली पॅरिस ते लील ही पहिली ओळ सुरू झाली. धुकं पडलं की सगळं ठप्प, आणि ही सोय होती सरकारपुरतीच. बोर्दोच्या ब्लांक बंधूंनी १८३४ ते १८३६ या काळात वाटेवरच्या एका कर्मचाऱ्याला लाच देऊन सरकारी संदेशांत ठरावीक चुका घुसडल्या. त्या चुकांतून पॅरिसच्या रोख्यांचा भाव वर गेला की खाली, हे त्यांना इतरांच्या आधी कळायचं. पकडले गेले, खटला चालला, आणि असा गुन्हाच कायद्यात नसल्यामुळे सुटले.

रेशीम मार्गानं एकच व्यापारी चीनहून रोमला जायचा का?

नाही. क्वचित कुणी गेला असेल, पण तो अपवाद. माल हातोहात जायचा. एक जण दोन-तीन मुक्कामांपलीकडच्या बाजारात विकायचा, तिथला पुढे न्यायचा. दर हाताला नफा आणि दर नाक्याला जकात, त्यामुळे शेवटी भाव आभाळाला भिडायचा. मुळात 'रेशीम मार्ग' हे नाव रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १८७७ मध्ये रूढ केलं. त्या रस्त्यानं चालणाऱ्या कुणाच्याही तोंडी ते नव्हतं.

एवढ्या लांब चैनीच्याच वस्तू का जायच्या? धान्य का नाही?

धान्य वाहणारा बैल धान्यच खातो. रोमन सम्राट डायोक्लिशनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकावरून हिशेब मांडला तर गाडीभर गव्हाची किंमत ३०० मैलांत दुप्पट होते. तोच गहू भूमध्य समुद्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जहाजानं नेणं गाडीनं ७५ मैल नेण्यापेक्षा स्वस्त पडायचं. म्हणून खुश्कीनं लांब जायचं ते वजनाला हलकं आणि मोलाला भारी, आणि इजिप्तचा गहू रोमला जायचा तो पाण्यानं.

चैनीच्याच वस्तू, हेही पुरतं खरं नाही. तांबं आणि कथील एकत्र आल्याशिवाय कांसं होत नाही, आणि या दोन धातूंच्या खाणी क्वचितच शेजारी असतात. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे इ.स.पू. १३०० च्या सुमारास बुडालेलं जहाज १९८२ मध्ये सापडलं. त्यात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं. वाट बघणाऱ्या भट्ट्यांची काय गत झाली असेल, हा विचार मनातून जात नाही.

समोरच्यानं फसवलं तर काय करायचे?

हाच खरा प्रश्न, आणि याला एका ओळीत उत्तर नाही.

माल डोळ्यांनी न पाहता पैसे मोजायचे म्हणजे पाण्यात म्हैस आणि वर मोल. सगळ्यांत जुना उपाय म्हणजे आपलं माणूस तिथे नेऊन बसवणं. इ.स.पू. १९०० च्या आसपास टायग्रिस नदीकाठच्या अश्शूर शहरातले व्यापारी हजार किलोमीटरवर, आजच्या तुर्कस्तानातल्या कानेश इथे वस्ती करून राहत. गाढवांवर कथील आणि लोकरी कापड लादून तांडे तिकडे जात, वाटेत सहा आठवडे लागत. परत येताना चांदी-सोनं. कानेशच्या घरांतून मातीच्या वीस हजारांवर पाट्या निघाल्या. त्यांत पत्रं, हिशेब, कर्जरोखे, तक्रारी सगळं आहे. बाप अश्शूरला, मुलगा कानेशला, पुतण्या मधल्या एखाद्या गावी, अशी ही घराणी पसरलेली होती. भांडवल उभं करायची त्यांची रीत तर थक्क करते. अनेक जण मिळून एका व्यापाऱ्याच्या 'पिशवी'त सोनं घालत आणि त्यानं ते दहा-बारा वर्षं फिरवून नफा वाटायचा. नात्याबाहेरचे लोकही अशा पिशवीत पैसे गुंतवत.

दुसरा उपाय म्हणजे नावाची भीती. अकराव्या शतकातल्या भूमध्य किनाऱ्यावरच्या ज्यू व्यापाऱ्यांची पत्रं कैरोजवळच्या फुस्तातमधल्या एका प्रार्थनास्थळाच्या कोठीत सापडली. देवाचं नाव असलेला कागद फाडून टाकायचा नाही म्हणून ते साठवत गेले, आणि व्यापाराचा अख्खा संसार जपला गेला. या पत्रांत भाव असतात, जहाजं आल्या-गेल्याच्या वार्ता असतात, आणि कोण कसा वागला हेही असतं. एखाद्या अडत्यानं हिशेबात घोळ केला की ती वार्ता बंदरोबंदरी जाई. मग त्याला माल सोपवायला कुणी धजेना. न्यायालयं होतीच, पण निकाल लागेपर्यंत हंगाम निघून जायचा. पत गेल्याची शिक्षा लगेच भोगावी लागे.

तरी फसवणूक व्हायचीच. ऊर शहरातली इ.स.पू. १७५० च्या सुमाराची एक पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नन्नी नावाचा गिऱ्हाईक एअ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला खडसावतो, की तू हलकं तांबं दिलंस आणि माझ्या माणसाचा अपमान केलास. चूक मालाची होती, पण शब्दांतून दिसतो तो अपमानाचाच सल.

पत्र वाटेत कुणी फोडलं किंवा हरवलं तर?

फोडू नये म्हणून मोहोर. अश्शूरच्या व्यापाऱ्यांचं पत्र म्हणजे तळहाताएवढी मातीची पाटी. ओल्या मातीवर टोकदार बोरूनं खुणा उमटवायच्या, पाटी सुकली की तिच्याभोवती मातीचाच पातळ लखोटा चढवायचा, आणि त्यावर नाव घालून दंडगोल मोहोर फिरवायची. लखोटा फोडल्याशिवाय आतलं वाचता यायचं नाही, आणि एकदा फोडला की तो पुन्हा जुळायचा नाही. कर्जरोख्याचंही तसंच. कर्ज फिटलं की ती पाटी 'मेली' असं म्हणत.

हरवू नये म्हणून नकला. महत्त्वाचं पत्र दोन-तीन प्रतींत लिहून वेगवेगळ्या जहाजांनी रवाना करायचं आणि कोणती प्रत कुणाबरोबर पाठवली तेही आत लिहायचं, ही शिस्त फुस्तातच्या पत्रांत दिसते. पुढे कंपनी सरकारच्या काळातही लंडन-कलकत्ता पत्रव्यवहार असाच दुहेरी चाले. उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष उलटायचं, कधी त्याहून जास्त.

पैसे बरोबर न्यायचे का?

शक्यतो नाही. चोराला पत्र लुटून काही मिळत नाही, नाणी लुटून मिळतं. म्हणून नाणी घरीच ठेवून कागद पाठवायची सोय बऱ्याच देशांत झाली. अरबी प्रदेशांत सुफ्तजा होता. चीनमध्ये थांग राजवटीत 'उडता पैसा' होता. हिंदुस्थानात हुंडी.

हुंडीचं शास्त्र बारकाईनं पाहण्यासारखं आहे. एका शहरातल्या पेढीवर रोकड भरायची आणि तिनं दूरच्या शहरातल्या पेढीच्या नावे हुंडी लिहून द्यायची. दाखवताक्षणी पैसे मिळतात ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळतात ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत, त्यामुळे चोरलेली हुंडी वटवायला कुणी पतदार भेटायला हवा. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही गेली तर तिसरी, परपेठ. या व्यवहारावरचा आकार म्हणजे हुंडणावळ. हा शब्द मराठीत आजही जिवंत आहे. जोखमी हुंडी तर हुंडी आणि विमा यांचं एकत्र रूप होती. माल सुखरूप पोचला तरच पैसे, वाटेत बुडाला तर नाही.

जहाज बुडालं तर व्यापारी देशोधडीला लागायचा का?

कधी कधी. पण जोखीम वाटून घ्यायची रीत फार जुनी आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात तरतूद आहे की वाटेत शत्रूनं माल लुटला आणि फिरत्या अडत्यानं देवाची शपथ घेऊन तसं सांगितलं, तर त्याला मोकळं करावं. ग्रीकांकडे सागरी कर्ज होतं. जहाज परतलं तर मुद्दल आणि जबर व्याज, बुडालं तर सावकाराचं नुकसान. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस याच्या नावावरच्या एका भाषणात असा करार शब्दशः दिला आहे. काळ्या समुद्राच्या त्या सफरीसाठी हजार द्राख्मांवर २२५ व्याज. पण परतीचा प्रवास स्वाती ताऱ्याच्या उदयानंतर सुरू झाला तर ३००. सप्टेंबरात पहाटे स्वाती उगवायला लागली की समुद्र खवळायचे दिवस आले, हे सावकारालाही पक्कं ठाऊक होतं. निव्वळ विम्याचा, कर्जाशिवायचा करार बऱ्याच उशिरा आला. जेनोआमधला १३४७ सालचा दस्तऐवज सर्वांत जुन्यांपैकी मानतात.

बुडालेलं सगळंच जायचं असंही नाही. बाराव्या शतकात मंगलोरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूला एडनहून आलेल्या एका पत्रात अशी हकीकत आहे. जहाज फुटलं, मिरी पार गेली, लोखंड मात्र पाणबुडे लावून निम्म्याच्या आसपास वर काढलं.

समुद्रावर मोसमी वाऱ्यांना एवढं महत्त्व का?

कारण वाऱ्याशी हुज्जत घालता येत नव्हती. हिंदी महासागरात उन्हाळ्यापासून नैऋत्येचा वारा आणि हिवाळ्यात ईशान्येचा. इजिप्तहून जुलैत निघालेलं जहाज भर वाऱ्यावर मलबारला यायचं, मिरी भरायचं आणि वारा फिरला की नोव्हेंबर ते जानेवारीत परत निघायचं. चुकलं की थेट पुढच्या वर्षी. मोसम हा शब्दच अरबी मौसिमवरून आला, म्हणजे ठरलेली वेळ.

या थांबण्यातूनच बंदरं वाढली. वारा फिरेपर्यंत महिनोन्‌महिने मुक्काम, मग भाड्याचं घर, मग तिथली भाषा, कधी तिथलाच संसार. बेन यिजू सतरा-एक वर्षं इथे राहिला. त्याला एडनहून भेट म्हणून लिहायचा कागद यायचा, कारण चांगला कागद इथे सहज मिळत नव्हता. आणि उलाढाल किती, तर व्हिएन्नामध्ये जपलेल्या दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर केरळच्या मुझिरिस बंदरातून निघालेल्या हर्मापोलॉन या जहाजाच्या मालाचा हिशेब आहे. चौथाई जकात वजा जाता सुमारे ७० लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. एकाच खेपेचे.

वाळवंटात निरोप कसा जायचा?

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानं १३५२ मध्ये सहारा ओलांडला, त्याचं वर्णन वाचून अंगावर काटा येतो. तघाझा या मिठाच्या गावी घरं मिठाच्या ठोकळ्यांची आणि छपरं उंटाच्या कातड्याची. तिथून पुढे दहा दिवस पाणी नाही. अशा वेळी तांडा एका वाटाड्याला पैसे देऊन एकट्याला पुढे पाठवी. त्याला तकशीफ म्हणत. तो वलाता गावच्या लोकांना तांड्यातल्या व्यापाऱ्यांची पत्रं द्यायचा, मग तिथली मंडळी पाणी घेऊन चार दिवसांच्या अंतरावर सामोरी येत. तकशीफ वाटेत मेला तर गावाला तांडा येतोय हेच कळायचं नाही, आणि तांड्यातले बरेच जण तहानेनं मरत. इब्न बतूताच्या तांड्यानं या कामाचे १०० मिस्काल (एक मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम) सोनं मोजलं. मला ते जास्त वाटत नाही.

भाषा वेगळी असताना सौदा कसा व्हायचा?

दुभाषे होते. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका दंडगोल मोहोरीवर शू-इलिशू या माणसाची ओळख 'मेलुहाचा दुभाषी' अशी कोरली आहे. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ती भाषा आज आपल्याला कळत नाही, पण तिच्यावर पोट भरणारा माणूस होता.

शब्दाविनाही सौदे होत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वार्थेमा या इटालियन प्रवाशानं कालिकतमध्ये दलाल कापडाखाली बोटं धरून भाव ठरवताना पाहिले. आणि हेरोडोटस सांगतो की कार्थेजचे लोक आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माल मांडून जहाजात परतत आणि धूर करत. स्थानिक लोक येऊन मालाशेजारी सोनं ठेवून दूर होत. सोनं कमी वाटलं तर व्यापारी पुन्हा जहाजात जाऊन बसत. मनासारखं होईपर्यंत व्यापारी सोन्याला आणि स्थानिक मालाला हात लावत नसत.

बातमी उशिरा पोचल्यानं मोठं नुकसान झाल्याचं उदाहरण?

ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातला तह २४ डिसेंबर १८१४ रोजी बेल्जियममधल्या गेंट इथे झाला. ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सजवळ तुंबळ लढाई होऊन दोन हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. तहाची बातमी तेव्हा समुद्रातच होती. मंजुरी फेब्रुवारीत मिळाल्यामुळे कागदोपत्री युद्ध चालू होतं हे खरं, पण बातमी आली असती तर ती लढाई कुणी लढलं नसतं असं मला वाटतं.

या व्यापारात बायका कुठे होत्या?

जागोजागी. कानेशला जाणारं बरंचसं कापड अश्शूरच्या घरांतल्या बायकाच विणायच्या आणि पैशाचा हिशेबही मागायच्या. लमस्सी नवऱ्याला, पुशू-केनला लिहिते, की तू गेल्यापासून शलिम-अहूमनं दोनदा घर बांधलं, आपलं कधी व्हायचं?

न पोचलेलं एखादं पत्र सापडलं आहे का?

हो. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला १९०७ मध्ये चीनच्या दुनहुआंगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात समरकंदकडच्या सोग्दियन भाषेतली पत्रं मिळाली, इ.स. ३१३ च्या आसपासची. कुणा जासुदाच्या हातून तिथेच राहून गेलेली. त्यातली दोन मिवनाय नावाच्या बाईची आहेत. नवऱ्यानं तिला दुनहुआंगला आणून सोडलं, तिच्याजवळ पैसा उरला नाही, आणि परतीच्या वाटेवर कुणी बरोबर न्यायला तयार नाही. आईला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की कुणीच मदत करत नाही. नवऱ्याला लिहिते, की तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची झाले असते तर बरं. त्याच पत्राच्या शेवटी मुलगी शायन बापासाठी चार ओळी घालते. फर्नखुंद नावाचा माणूस पळून गेला, त्याच्या देण्यापायी मी आणि आई चिनी लोकांच्या घरी चाकरीला लागलो आहोत.

ही दोन्ही पत्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.